गुणांक आणि स्वाक्षरी

सन २००५ च्या सुमारास उत्तर भारतातील एका जिल्ह्यात मी उपविभागाचा अधिकारी होतो. महाराष्ट्रात ज्या पदाला प्रांत म्हणतात तेच हे पद. तिकडे त्यास एसडीएम म्हणतात. त्या काळी माझ्या टेबलावर येणाऱ्या तक्रारींपैकी निम्म्याहून अधिक एकाच विषयाच्या असत. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांच्या यादीत आमचे नाव का नाही, हा तो विषय.

ही यादी २००२ च्या सर्वेक्षणावरून तयार झालेली होती. त्यापूर्वीच्या सर्वेक्षणांत कुटुंबाचे उत्पन्न किंवा खर्च विचारला जाई आणि लोक अर्थातच सोयीचे आकडे सांगत. म्हणून २००२ मध्ये केंद्र सरकारने ग्रामीण कुटुंबांसाठी १३ निकष ठरवले. जमीन किती, घर कसे, अंगावर घालायचे कपडे किती, दोन वेळचे जेवण मिळते का, शौचालय, घरातील वस्तू, शिक्षण वगैरे. प्रत्येक निकषाला ० ते ४ गुण, एकूण ५२. गुण जितके कमी तितके कुटुंब अधिक गरीब. राज्यात एकंदर किती कुटुंबे गरीब धरायची याची कमाल संख्या मात्र वरून ठरून आलेली होती, आणि तिच्यात बसेल अशा बेताने राज्याने गुणमर्यादा आखायची होती.

एके दिवशी एक वृद्ध विधवा शेजारच्या मुलाचा हात धरून माझ्या कचेरीत आली. तिचे गुण मर्यादेपेक्षा थोडेसेच जास्त भरले होते. मी तक्ता मागवून पाहिला. कर्जाच्या निकषात तिला ४ गुण होते. त्या निकषाची रचना अशी होती की, रोजच्या पोटापाण्यासाठी सावकाराकडून कर्ज काढणाऱ्यास ० आणि ज्याच्यावर कर्ज नाही व मालमत्ता आहे त्यास ४. कर्ज नाही आणि मालमत्ताही नाही अशा माणसासाठी रकानाच नव्हता. प्रगणकाने ‘कर्ज नाही’ एवढे वाचून ४ लिहिले. स्थलांतराच्या निकषात मजुरीसाठी गाव सोडणाऱ्यास ० आणि गावातच राहणाऱ्यास ३. म्हातारी गुडघ्यांमुळे वेशीपर्यंतही चालू शकत नव्हती, त्यामुळे ती गावातच राहत होती. तिला ३ मिळाले. म्हणजे कोणी उसने देत नाही आणि पायाने चालवत नाही, या दोन गोष्टींपायी तिच्या खाती ७ गुण ‘श्रीमंती’चे जमा झाले होते. मी कर्जाविषयी विचारले तेव्हा ती एवढेच म्हणाली, “मला कर्ज देणार कोण, साहेब?”

मला तक्त्यातील चूक समजली होती, हे कबूल केले पाहिजे. त्या दिवशी अशा प्रकारच्या साठ-सत्तर तक्रारी निकालात काढायच्या होत्या. सर्वांसाठी एकच मजकूर टंकून ठेवलेला होता: गुण विहित मर्यादेपेक्षा जास्त असल्याने अर्ज नामंजूर. खाली मी स्वाक्षरी केली.

अलीकडे मशीन लर्निंग, म्हणजे जुन्या नोंदींवरून यंत्राने स्वतःच नियम शोधून काढण्याची विद्या, प्रशासनात येऊ लागली आहे. तिच्याविषयी वाचू लागलो तेव्हा मला तो टंकलेला मजकूर पुन्हा पुन्हा आठवला. यंत्र हुशार आहे की नाही यावर बोलणारे पुष्कळ आहेत. यंत्राने गुणांक दिल्यानंतर खुर्चीत बसलेला माणूस त्याचे काय करतो, या प्रश्नाचा अभ्यास करणारे थोडे. परंतु त्या अभ्यासाला जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि तो आपल्या फायलींशी फार जवळचा आहे.

सुरुवात शिकागोपासून करता येईल. अर्नेस्ट बर्जेस या समाजशास्त्रज्ञाने १९२८ मध्ये इलिनॉय राज्यातील तुरुंगांतून पॅरोलवर सुटलेल्या ३,००० कैद्यांच्या नोंदी तपासल्या. त्याने २१ बाबी निवडल्या आणि प्रत्येक अनुकूल बाबीस एक गुण दिला. बेरीज जितकी मोठी तितका कैदी पुन्हा गुन्हा करण्याची शक्यता कमी. आपला २००२ चा तक्ता याच घराण्यातला.

पुढे १९५४ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातील पॉल मील याने एक लहानसे पुस्तक लिहिले. तज्ज्ञाने मुलाखत घेऊन, अनुभव पणाला लावून केलेले भाकीत आणि चार आकड्यांच्या सूत्राने केलेले भाकीत यांची तुलना करणारे सुमारे वीस अभ्यास त्याने एकत्र केले. एखादा अपवाद वगळता सूत्र तज्ज्ञाच्या बरोबरीने किंवा त्याहून सरस ठरले. मील हा स्वतः मानसोपचारतज्ज्ञ होता, रुग्ण तपासत होता. आपल्याच व्यवसायाविरुद्ध त्याने ही साक्ष दिली हे विशेष. व्यवसायबंधूंना राग आला, पण निष्कर्ष टिकला. सन २००० मध्ये १३६ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा सूत्राची भाकिते सरासरीने सुमारे १० टक्क्यांनी अधिक अचूक भरली.

रॉबिन डॉज याने १९७९ मध्ये याहून चमत्कारिक गोष्ट दाखवली. सूत्रातील प्रत्येक बाबीस किती वजन द्यायचे हे काटेकोर गणिताने काढले नाही, सर्वांना सारखेच वजन दिले, तरीही सूत्र तज्ज्ञापेक्षा चांगले चालते. अट एवढीच की बाबी योग्य निवडलेल्या असाव्यात आणि त्यांची दिशा बरोबर असावी. या दृष्टीने पाहिले तर १३ निकषांना समान वजन देण्यात काही गैर नव्हते. गैर होते ते दिशेत. कर्ज नसणे ही नेहमीच सुबत्तेची खूण असते, हे गृहीतच चुकीचे होते, आणि चुकीच्या दिशेने लावलेली बाब समान वजनानिशी समान नुकसान करते.

मी हे मुद्दाम सांगतो आहे. आमच्या सेवेतील मंडळींना ‘विवेकाधिकार’ हा शब्द फार प्रिय. नियम आंधळा, अधिकारी डोळस, असे मानण्याची आम्हाला सवय आहे. वस्तुस्थिती अशी की सकाळी दहा वाजता आलेला अर्जदार आणि दुपारी चार वाजता आलेला अर्जदार यांना एकाच अधिकाऱ्याकडून सारखा न्याय मिळेल याची खात्री देता येत नाही. सूत्र निदान थकत तरी नाही.

मील याने सूत्राची बाजू घेताना एक अपवाद स्वतःच मांडून ठेवला होता, आणि तो पुढे ‘मोडलेला पाय’ या नावाने प्रसिद्ध झाला. एक प्राध्यापक दर आठवड्यास ठरलेल्या दिवशी सिनेमास जातो. जुन्या नोंदींवरून सूत्र सांगते की याही आठवड्यात तो जाण्याची शक्यता बरीच आहे. पण त्याचा पाय कालच मोडला असून तो प्लास्टरमध्ये आहे, हे तुम्हास ठाऊक आहे. अशा वेळी सूत्र बाजूस ठेवणेच शहाणपणाचे. मात्र मील लगेच सावधही करतो. माणसांना हा अपवाद फार आवडतो आणि जिथे तिथे त्यांना मोडलेले पाय दिसू लागतात. आमच्याकडे तर एखाद्या आमदारसाहेबांचा फोन आला की अर्जदाराचा पाय मोडल्याचे ताबडतोब ध्यानात येते. असो.

माझ्या कचेरीत आलेली म्हातारी म्हणजे खराखुरा मोडलेला पाय होता. मी तो पाहिला होता आणि तरीही सूत्राप्रमाणे सही केली होती. मील ज्या दोषाचा इशारा देत होता त्याच्या अगदी उलट दोष माझ्या हातून घडला. या उलट दोषाचा अभ्यास व्हायला आणखी तीस वर्षे जावी लागली.

हा अभ्यास कारखाने आणि विमाने यांतून आला. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ लिझॅन बेनब्रिज यांनी १९८३ मध्ये ‘स्वयंचलनातील विरोधाभास’ दाखवणारा एक निबंध प्रसिद्ध केला. काम यंत्राकडे दिले की माणसाकडे उरते ते देखरेखीचे काम, आणि यंत्र अडले तर तत्काळ हस्तक्षेप करण्याचे. पण ज्याने वर्षानुवर्षे ते काम हाताने केलेले नाही त्याचे कौशल्य गंजलेले असते, आणि क्वचितच चुकणाऱ्या यंत्राकडे तासन्‌तास लक्षपूर्वक पाहत बसणे मनुष्यस्वभावात नाही. यानंतर नव्वदच्या दशकात लिंडा स्किटका व कॅथलीन मोझियर यांनी कृत्रिम उड्डाणाच्या प्रयोगांत दाखवले की मदतनीस यंत्र गप्प राहिले तर माणसे समोर दिसणारा बिघाडही सोडून देतात, आणि यंत्राने चुकीचे सांगितले तर समोरचे योग्य आकडे दिसत असूनही चुकीचेच करतात. या प्रवृत्तीस त्यांनी स्वयंचलनाचा पूर्वग्रह म्हटले. उलट टोकाची प्रवृत्तीही आढळली. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील डीटव्हॉर्स्ट व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवले की सूत्र एकदा चुकताना पाहिले की लोक त्याच्यावरचा विश्वास लगेच काढून घेतात. तीच चूक माणसाने केली तर त्याला मात्र क्षमा करतात.

म्हणजे माणूस यंत्रावर कधी अतिविश्वास टाकतो, कधी अकारण अविश्वास. मग यंत्र आणि अधिकारी यांचा संसार व्हायचा कसा? याचे एक उत्तर मला कायद्याच्या जुन्या पुस्तकात सापडले. ते यंत्राविषयी अजिबात नाही. अंधेरीच्या एका सिनेमागृहाविषयी आहे.

गोरधनदास भानजी नावाच्या गृहस्थांना अंधेरीस सिनेमागृह बांधायचे होते. परवानगी देण्याचा अधिकार मुंबईच्या पोलीस कमिशनरांचा. या कामी सल्ला देण्यासाठी एक समिती होती. कमिशनरांचे स्वतःचे मत आरंभी प्रतिकूल होते, परंतु समितीने शिफारस केली आणि जुलै १९४७ मध्ये त्यांनी परवानगी दिली. पुढे दोन महिन्यांतच, सप्टेंबरमध्ये, सरकारच्या निर्देशावरून आपणास कळवण्यात येते की परवानगी रद्द झाली आहे, अशा आशयाचे पत्र त्याच कमिशनरांनी अर्जदारास धाडले. प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले आणि नोव्हेंबर १९५१ मध्ये निकाल लागला. निकालपत्र न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी लिहिले. त्यापूर्वी ते नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते, ही नागपूरकर वाचकांसाठी सहज जाता जाता सांगितलेली गोष्ट.

न्यायालयासमोर एकाच अधिकाऱ्याच्या दोन कृती होत्या आणि दोन्हींत त्याने दुसऱ्याचे ऐकले होते. पहिल्या वेळी समितीचे, दुसऱ्या वेळी सरकारचे. न्यायालयाने पहिली कृती वैध ठरवली. ज्या कामासाठी समिती नेमली आहे त्या कामी तिचा सल्ला विचारात घेणे हे कमिशनरांचे कर्तव्यच होते. आणि तो सल्ला नसता तर आपण वेगळे ठरवले असते असे असूनही, प्रामाणिकपणे तो सल्ला मान्य करणे म्हणजे विवेकाधिकार वापरणेच होय. दुसरी कृती मात्र कमिशनरांची नव्हतीच. ती सरकारची होती; कमिशनर केवळ निरोप्या झाले होते. नियमाने रद्द करण्याचा अधिकार ज्याला दिला त्याने तो वापरलेलाच नाही, म्हणून परवानगी रद्दही झालेली नाही. आपण तसे का केले याचे मागाहून दिलेले खुलासे उपयोगाचे नाहीत, आदेश त्याच्या शब्दांवरूनच वाचायचा, हेही याच निकालाने सांगितले. प्रशासकीय कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हा निकाल वाचावा लागतो. मीही परीक्षेपुरता वाचला होता.

समितीच्या व सरकारच्या जागी यंत्र ठेवून पाहा. गुणांक हा सल्लाही असू शकतो आणि हुकूमही. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, कारण आकडा तोच असतो. फरक पडतो तो खुर्चीतल्या माणसाच्या मनात आणि त्याला उपलब्ध असलेल्या साधनांत. २००५ मध्ये मी माझ्या आदेशात जे वाक्य टंकवले होते त्याचा खरा अर्थ ‘तक्त्याच्या निर्देशावरून आपणास कळवण्यात येते’ असाच होता.

हा फरक प्रत्यक्षात मोजता येतो का? अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील एका जिल्ह्यात तशी संधी आली, आणि ती एका बिघाडामुळे आली. पिट्सबर्ग शहर ज्या प्रशासकीय क्षेत्रात मोडते त्याचे नाव अ‍ॅलेगेनी काउंटी. लहान मुलांची हेळसांड किंवा छळ होत असल्याच्या तक्रारी तेथे दूरध्वनीवर नोंदवता येतात. फोन घेणाऱ्या कर्मचाऱ्याने ठरवायचे असते की हे प्रकरण घरी जाऊन चौकशी करण्याजोगे आहे की नाही. दोन्ही बाजूंची चूक भयंकर असते. चौकशी केली नाही आणि मूल दगावले, तर वर्तमानपत्रे फाडून खातात. निष्कारण चौकशी केली, तर एका गरीब घराच्या दारात सरकारी माणूस उभा राहतो, आणि क्वचित मूल आईपासून दूर नेले जाते.

ऑगस्ट २०१६ पासून या कर्मचाऱ्यांच्या मदतीस एक संगणकीय साधन आले. काउंटीने बरीच वर्षे आपल्या वेगवेगळ्या खात्यांच्या नोंदी एकत्र साठवल्या होत्या: बालकल्याण, तुरुंग, मानसोपचार, सरकारी मदत. न्यूझीलंडमधील अर्थशास्त्रज्ञ रेमा वैद्यनाथन यांच्या नेतृत्वाखालील गटाने या जुन्या नोंदींवरून शंभराहून अधिक बाबी हिशेबात घेणारे प्रतिमान तयार केले. फोन आला की पडद्यावर १ ते २० मधील एक आकडा उमटतो. २० म्हणजे धोका सर्वाधिक. आकडा फारच वरचा असेल तर चौकशी बंधनकारक. ती टाळायची तर वरिष्ठाची संमती लागते. एक गोष्ट काउंटीने विचारपूर्वक केली: हा आकडा घरी जाऊन चौकशी करणाऱ्या कर्मचाऱ्यास दाखवला जात नाही. त्याने आपल्या डोळ्यांनी पाहावे, आकड्याच्या चष्म्यातून नव्हे.

या साधनावर टीकाही झाली आणि ती योग्य होती. व्हर्जिनिया युबँक्स यांनी २०१८ च्या आपल्या पुस्तकात दाखवले की यंत्राच्या पोटातील नोंदी ह्या सरकारी मदत घेणाऱ्यांच्या आहेत. श्रीमंत माणूस खासगी डॉक्टरकडे जातो, खासगी दाई ठेवतो. त्याची नोंद या भांडारात येतच नाही. गरिबाने मदत मागितली हीच त्याच्याविरुद्धची नोंद होते. आमच्या म्हातारीच्या ७ गुणांशी याचे नाते वाचकांच्या लक्षात आलेच असेल.

याच पिट्सबर्गमध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठ आहे. तेथे मारिया दे-आर्तेआगा या कोलंबियाच्या संशोधिका मशीन लर्निंग आणि सार्वजनिक धोरण या दोन्ही विषयांत डॉक्टरेटचे काम करत होत्या. पुढे त्या ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात अध्यापन करू लागल्या. माणूस आणि यंत्र एकत्र निर्णय घेतात तेव्हा काय घडते हा त्यांच्या संशोधनाचा विषय. अ‍ॅलेगेनीच्या साधनात काही काळ एक तांत्रिक बिघाड राहून गेला होता, असे पुढे आढळले. यंत्रात भरल्या जाणाऱ्या काही बाबींची गणना फोन चालू असताना चुकीची होत होती, त्यामुळे काही प्रकरणांत पडद्यावर दिसलेला आकडा खऱ्या आकड्याहून वेगळा होता. खरा आकडा किती असायला हवा होता हे नंतर काढता येत होते. कोणताही प्रयोग जाणूनबुजून करायचा म्हटला तर मुलांच्या जिवाशी खेळ झाला असता. येथे प्रयोग आपोआप घडून गेला होता. फक्त नोंदी वाचायच्या होत्या.

दे-आर्तेआगा यांनी रिकार्डो फोलियाटो व अलेक्झांड्रा चौल्डेचोव्हा यांच्यासह त्या वाचल्या आणि २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. साधन आल्यावर कर्मचाऱ्यांचे वागणे बदलले, म्हणजे ते आकड्याकडे दुर्लक्ष करत नव्हते. पण जेथे दाखवलेला आकडा चुकीचा होता, तेथे त्याप्रमाणे वागण्याचे प्रमाण कमी होते. आकडा डावलण्यासाठी वरिष्ठाची संमती लागणार होती अशा प्रकरणांतही हेच दिसले.

हे वाचून मी बराच वेळ थांबलो. प्रयोगशाळेतले वैमानिक यंत्र चुकले की चुकतात, आणि येथील सामान्य पगाराचे कर्मचारी चुकीचा आकडा ओळखतात, हे कसे? मला त्यात काही जादू दिसत नाही. या कर्मचाऱ्यांच्या हाताशी आकड्याखेरीज आणखी काही होते. कुटुंबाच्या जुन्या नोंदी ते स्वतः उघडून वाचू शकत होते. फोनवर तक्रारदार नेमके काय म्हणाला हे त्यांनी ऐकले होते, आणि तक्रारीतला हा मजकूर यंत्राच्या हिशेबात नव्हता. साधन येण्यापूर्वीपासून ते हेच काम करत आले होते, बेनब्रिज म्हणतात तसे त्यांचे कौशल्य गंजलेले नव्हते. आणि आकडा डावलण्याची वाट अरुंद असली तरी उघडी होती. कमिशनरांपुढे समितीचा सल्ला असावा तसा त्यांच्यापुढे आकडा होता.

पुढे २०२२ मध्ये याच काउंटीवर आणखी एक अभ्यास आला. सर्व निर्णय केवळ आकड्यावर सोडले असते तर कृष्णवर्णीय व श्वेतवर्णीय मुलांच्या चौकशीच्या प्रमाणात २० टक्क्यांची तफावत पडली असती. कर्मचाऱ्यांच्या हस्तक्षेपामुळे ती ९ टक्क्यांवर आली. त्याच सुमारास आणखी एका अभ्यासासाठी या कर्मचाऱ्यांशी सविस्तर बोलून घेतले गेले. आकड्यात काय काय मोजले जाते याची माहिती त्यांना फारशी दिलेलीच नव्हती असे निघाले. मग ते आपापसांत अंदाजाचा खेळ खेळत: प्रकरण वाचून आधी आकडा सांगायचा आणि मग पडद्यावर पाहायचे. सरकारी कचेरीत प्रशिक्षण असेच होते, याचा अनुभव कोणास नाही!

यावरून माणूस मध्ये बसवला की सारे आपोआप ठीक होते, असे मात्र कोणी समजू नये. मी २००५ मध्ये मध्येच बसलो होतो. माझ्याकडे विवेकाधिकार होता, नव्हता तो वेळ. आणि खरे सांगायचे तर मर्यादेबाहेरचे नाव यादीत घातले तर एखादे नाव काढावे लागेल, आणि त्याची कारणे वर लिहून द्यावी लागतील, याचे भयही होते. सहीची वाट सोपी होती, नकाराची अवघड. अ‍ॅलेगेनीत जेथे वरिष्ठाची संमती मागावी लागत होती तेथेही लोकांनी ती मागितली. मी मागितली नाही.

माणूस मधून काढूनच टाकला तर काय होते याचे उदाहरण ऑस्ट्रेलियाने दिले. तेथे २०१६ पासून सामाजिक साहाय्य घेणाऱ्यांकडून जादा दिलेली रक्कम वसूल करण्यासाठी स्वयंचलित योजना राबवली गेली. लोक तिला ‘रोबोडेट’ म्हणू लागले. तिच्यात मशीन लर्निंग वगैरे काहीच नव्हते. वर्षाच्या उत्पन्नाला २६ पंधरवड्यांनी भागून प्रत्येक पंधरवड्याचे उत्पन्न ‘काढणे’ एवढाच हिशेब. हंगामी काम करणाऱ्याला चार महिने पगार आणि आठ महिने बेकारी असेल, तर या भागाकाराने तो बाराही महिने कमावता ठरे आणि त्याच्या नावे थकबाकी निघे. पूर्वी कर्मचारी असे वर्षाला सुमारे २०,००० तफावतींचे दावे तपासून पुढे जात. आता तेवढी पत्रे आठवड्याला निघू लागली. थकबाकी नाही हे सिद्ध करण्याचा भार नागरिकावर. नोव्हेंबर २०१९ मध्ये फेडरल न्यायालयात सरकारला माघार घ्यावी लागली, २०२० मध्ये ४,७०,००० थकबाक्यांची सुमारे ७२ कोटी डॉलरची रक्कम परत करण्याचे जाहीर झाले, आणि जुलै २०२३ मध्ये चौकशी आयोगाने आपला कठोर अहवाल दिला.

माझ्या वाचकांपैकी अनेकजण बंगळूर, हैदराबाद, दुबई, न्यू जर्सी येथे राहतात, आणि त्यांतील बरेच अशीच साधने घडवतात किंवा बँका-विमा कंपन्यांत रोज वापरतात. साधनाच्या अचूकतेचा टक्का ते मला पत्रातून कळवतात. त्यांना माझी विनंती असते की दुसरा एक आकडाही कळवावा: तुमच्या कचेरीत किती वेळा गुणांक डावलला गेला, आणि डावलणाऱ्याने कारण काय लिहिले. हा आकडा शून्य असेल तर गुणांक हा सल्ला उरलेला नाही.

गेल्या वर्षी एका दुसऱ्या राज्यातील तरुण अधिकारी मित्र माझ्याकडे एका नमुन्याचा मसुदा घेऊन आला. त्याच्या विभागात लाभार्थ्यांच्या अर्जांवर संगणकाकडून पात्रतेचा गुणांक मिळणार होता. नमुन्यात पहिला रकाना अर्जदाराच्या नावाचा, दुसरा गुणांकाचा, तिसरा ‘अधिकाऱ्याचा निर्णय’ आणि चौथा, सर्वांत अरुंद, शेऱ्याचा. मी त्याला २०२१ चा हार्वर्ड विद्यापीठातला एक अभ्यास दाखवला. त्यात यंत्राचे उत्तर पाहण्याआधी माणसास स्वतः विचार करायला भाग पाडणारी रचना तपासली होती. अशा रचनेमुळे यंत्राच्या चुकीच्या उत्तरांवर आंधळेपणाने विसंबणे कमी झाले. मात्र ज्या रचनेने सर्वांत जास्त उपयोग झाला तीच वापरणाऱ्यांना सर्वांत कमी आवडली.

“आमच्या लोकांनाही आवडणार नाही, सर,” तो म्हणाला. “एका अर्जाला चार-पाच मिनिटे जास्त लागतील. माझ्याकडे निम्म्या जागा रिकाम्या आहेत.”

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. आम्ही दोघांनी मिळून रकान्यांचा क्रम बदलला. अर्जदाराचे नाव, मग अधिकाऱ्याने अर्ज वाचून काय पाहिले, मग त्याचे प्राथमिक मत, आणि त्यानंतर गुणांक. मत आणि गुणांक जुळले नाहीत तर कारण लिहिण्यासाठी अर्धे पान मोकळे सोडले. गुणांकाच्या रकान्यापुढे मी पेन्सिलीने लिहिले की आधीचे दोन रकाने भरल्याशिवाय हा उघडू नये. सोबत त्याने रिक्त पदे भरण्याचा प्रस्तावही जोडला. नमुना मंजूर होऊन आला आहे; पदांचा प्रस्ताव वित्त विभागात आहे.